‘मुका मार’ म्हणून सोडलेले मनगट

महामार्गावर गाडी दुभाजकावर आदळते, एअरबॅग उघडते, पट्टा लावलेला असल्यामुळे चालक वाचतो. रुग्णालयात डोक्याचा सीटी स्कॅन होतो, पोटाची सोनोग्राफी होते, छातीचा एक्स-रे निघतो. मनगट सुजलेले असते म्हणून त्याचाही एक्स-रे काढतात. हाड मोडलेले दिसत नाही. ‘मुका मार आहे’ असे सांगून क्रेप बँडेज गुंडाळले जाते, पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या जातात आणि रुग्ण घरी येतो. थोडक्यात निभावले म्हणून घरचे देवापुढे साखर ठेवतात, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या बँडेजखाली मोडलेले हाड असू शकते, आणि ते तसेच राहिले तर काही वर्षांत त्या हाताचा जोर जातो.

पहिल्या तासात हाताकडे लक्ष गेले नाही म्हणून डॉक्टरांना बोल लावणे अन्यायाचे ठरेल. आधी श्वास, मग रक्तस्राव, मग मेंदू, हा क्रम जगभर शिकवला जातो आणि त्यानेच माणसे वाचतात. तक्रार आहे ती त्यानंतरची. रुग्ण स्थिर झाला की पुढच्या २४ तासांत त्याला डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पुन्हा एकदा सावकाश तपासायचे, अशी पद्धत अपघातोपचारात रूढ आहे. गर्दीने भरलेल्या कॅज्युअल्टीत नेमकी हीच तपासणी राहून जाते.

धडक बसणार असे दिसताच माणूस दोन्ही हात ताठ करून स्टिअरिंग घट्ट धरतो. शेजारी बसलेला डॅशबोर्डवर तळवे टेकवतो. गाडी थांबते, शरीर मात्र पुढे जात राहते आणि तो सगळा भार तळव्यातून मनगटावर येतो. वय झालेल्या माणसात अशा वेळी बहुधा मनगटालगतचे हाताचे मोठे हाड मोडते. अब्राहम कॉलिस या आयरिश शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये, एक्स-रेचा शोधही लागला नव्हता तेव्हा, या मोडीचे वर्णन लिहून ठेवले होते. वेडेवाकडे झालेले मनगट नुसत्या डोळ्यांना दिसते, त्यामुळे त्यावर उपचारही होतात. तरुणांच्या बाबतीत मोड अनेकदा लपून राहते.

मनगटात आठ छोटी हाडे असतात. त्यांपैकी अंगठ्याच्या मुळाशी असलेले हाड म्हणजे स्कॅफॉइड. आकार साधारण काजूगरासारखा, नाव मात्र होडीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून पडलेले. या आठांत सर्वाधिक वेळा मोडते ते हेच. त्याला मिळणारे बहुतेक रक्त बोटांकडच्या टोकातून आत शिरते आणि उलटे, मनगटाकडे जाते. शेतातला पाट मध्येच फुटला तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसेच इथे घडते. मधोमध तडा गेला की मागचा तुकडा उपाशी राहतो, कधी कधी मरतो. हाड जुळले नाही तर मनगटाची रचना हळूहळू ढासळते आणि ऐन कमावत्या वयात सांधा झिजतो.

एक्स-रेची जगाला ओळख झाली ती एका हातामुळेच. डिसेंबर १८९५ मध्ये राँटजेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसत होती. पण ताज्या मोडलेल्या स्कॅफॉइडपुढे हाच एक्स-रे पुष्कळदा फसतो. तडा केसासारखा बारीक असतो. दहा ते चौदा दिवसांत त्याच्या कडा थोड्या विरतात आणि मग तो उमटतो. एमआरआयमध्ये तो पहिल्या काही दिवसांतच दिसू शकतो. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या ‘एक्स-रे नॉर्मल’ या शेऱ्याचा अर्थ ‘आज काही दिसत नाही’ एवढाच घ्यायला हवा. हे रुग्णाला सांगितले जात नाही, आणि खरी चूक तिथे आहे.

शंका यायला मोठे यंत्र लागत नाही. अंगठा ताठ वर केला की त्याच्या बुडाशी दोन शिरांमध्ये एक खळगा पडतो. युरोपात तपकीर ओढणारे लोक चिमूट तिथे ठेवत, म्हणून शरीरशास्त्रात त्याला तपकिरीच्या डबीचेच नाव मिळाले. तिथे दाबल्यावर कळ आली तर एक्स-रे काहीही म्हणो, हाड मोडले आहे असे धरून मनगट प्लास्टरमध्ये किंवा स्प्लिंटमध्ये ठेवायचे आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासायचे. शंका खोटी ठरली तर दोन आठवड्यांची गैरसोय होते, इतकेच. वेळीच सापडलेली, न सरकलेली मोड बहुतेक वेळा प्लास्टरमध्ये जुळते, फक्त दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. तीच उशिरा सापडली तर स्क्रू बसवावा लागतो, कधी कमरेचे हाड काढून तिथे लावावे लागते, आणि तरी हात पहिल्यासारखा होईल याची खात्री नसते.

रुग्णांकडूनही हयगय होते. आठवड्याभरात सूज उतरते, ठणका कमी होतो आणि बँडेज कपाटात जाते. कुणी तेलाने चोळून देतो, कुणी मनगट ओढून ‘बसवतो’. मोडलेल्या हाडाला याहून वाईट काही नाही. दोन वर्षांनी बादली उचलताना किंवा स्क्रू पिळताना कळ येते, तेव्हा अपघाताची आठवणही राहिलेली नसते.

काचेच्या जखमांची गोष्ट थोडी वेगळी, दुर्लक्ष मात्र तेच. जखम शिवली जाते, पण प्रत्येक बोट वेगवेगळे वाकवून पाहिले जात नाही. आत तुटलेली स्नायूची दोरी टाके काढल्यावर लक्षात येते. काचेचा तुकडा आत राहिला असेल तर तो एक्स-रेत बहुधा दिसतो, फक्त एक्स-रे काढायला हवा. तळव्याकडची बोटे बधिर असतील तर दिवस उजाडण्याची वाट पाहू नये, मनगटातले निखळलेले हाड नस दाबत असण्याची शक्यता असते. अंगठ्या आणि बांगड्या सूज चढण्याआधीच काढाव्यात, नाहीतर नंतर त्या कापाव्या लागतात. आणि एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंगवर हात घड्याळातल्या दहा आणि दोनऐवजी नऊ आणि तीनच्या जागी ठेवलेले बरे.

हाताची किंमत कागदावर कशी ठरते, याचे उदाहरण न्यायालयाने घालून दिले आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्याच्या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, डावा हात गमावलेल्या माणसाचे अपंगत्व साठ टक्के धरले, तरी तो चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के बुडते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणजे नुकसानभरपाई केवळ टक्क्यांवर ठरत नाही, माणसाच्या कामावरही ठरते. पण त्यासाठी दुखापत आधी कागदावर यावी लागते. डिस्चार्ज कार्डवर डोके, छाती, पोट यांची नोंद असते. मनगटासाठी ‘मुका मार’ हे दोन शब्द असतात किंवा तेही नसतात. सहा महिन्यांनी न जुळलेले हाड घेऊन आलेल्या सुताराला ते त्याच अपघातात मोडले, हे मग दावा न्यायाधिकरणापुढे पटवून देणे जड जाते. कार्डवर ‘मनगट दुखते, दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे’ एवढी ओळ आणि तारीख लिहायला अर्धा मिनिट लागतो.