विकत घेतलं, म्हणजे कुणाचं झालं?

मराठीत 'विकत घेणे' या क्रियापदाचा अर्थ सरळ आहे. पैसे दिले, वस्तू आपली झाली. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात हा शब्द मला कुणाला समजावून सांगावा लागला नाही. संगणकावर गाणी विकणाऱ्यांनी मात्र त्याचा अर्थच फिरवला. माझं भांडण आहे ते त्याच्याशी.

अ‍ॅपलचं आयट्यून्स दुकान २००३ साली अमेरिकेत उघडलं. एक गाणं ९९ सेंटला. पण गाणं कुलूपबंद! आधी ते तीनच संगणकांवर वाजे, २००४ पासून पाच. प्रत्येक संगणक 'ऑथराइज' करायचा, म्हणजे कंपनीच्या दप्तरी नोंदवायचा, आणि मोडीत काढण्यापूर्वी आठवणीनं त्याचं नाव कमी करायचं. तो अचानक जळाला तर मेलेला संगणकसुद्धा त्या पाचांत मोजला जाणार. पाचही जागा भरल्या की सगळी नावं एकदम काढता येतात, पण वर्षातून एकदाच. रेशनकार्डावरून मयताचं नाव कमी करायला तहसीलात खेटे घालावे लागतात, ते एक वेळ समजू शकतो; तिथे धान्य सरकारचं असतं. इथे गाण्याचे पैसे आपण मोजलेले असतात.

"यामुळे चोरी थांबते" असं यावर उत्तर मिळतं. थांबली का हो? बाजारातल्या चोरट्या एमपी-थ्री सीडीवर शंभर-शंभर गाणी मिळत आणि ती कुठेही वाजत. म्हणजे कुलूप लागलं ते फक्त पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला. कुलपांनी चोरी थांबलेली नाही, हे फेब्रुवारी २००७ मध्ये खुद्द स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीरपणे लिहिलं. २००९ मध्ये त्या दुकानात विकल्या जाणाऱ्या गाण्यांचं कुलूप निघालं. भारतात ते दुकान २०१२ च्या डिसेंबरात आलं, त्यामुळे इथल्या गाण्यांना ते लागलंच नाही. चित्रपटांना मात्र पाच संगणकांची अट आजही आहे.

आणि किल्ली ठेवणाऱ्यानं दुकानच बंद केलं तर? मायक्रोसॉफ्टनं २००८ मध्ये कळवलं, की एमएसएन म्युझिकवरून घेतलेली गाणी ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकावर चालू करून मिळणार नाहीत. ओरड झाली, तेव्हा मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली. विकलेल्या मालाला मुदतवाढ!

आम्हा यवतमाळकरांना दुसऱ्याच्या मालकीची सवय आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर धावायची ती आमची शकुंतला. गाडी चालवायची भारतीय रेल्वे, पण रूळ स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीचे. तरी तिकीट देताना "गाडी तुम्हाला विकली" असं कुणी म्हणालं नाही. तिकिटाला तिकीटच म्हणत. स्पॉटिफायसारख्या सेवाही निदान वर्गणीला वर्गणी म्हणतात. महिन्यातून एकदा तरी इंटरनेटला जोडा, नाहीतर उतरवून घेतलेली गाणी बंद, हा त्यांचा नियम जाचक खरा, पण तिथे मालकीचं सोंग नाही.

त्याच मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे. त्यांची माझ्याकडची कॅसेट आता मुलीकडे आहे, उद्या नातवाकडे जाईल. त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही, लागणारही नाही. विकत घेणं याला म्हणतात.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला आहे: केवळ परवाना देत असाल, तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' म्हणता येणार नाही. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनं आलेली आहेतच. मग हा नियम इथेही करायला काय हरकत आहे? त्यात एक कलम मी आणखी घालीन. दुकान बंद करायचं असेल, तर आधी सगळी कुलपं काढून द्या आणि मग शटर ओढा.

भाडं घ्यायचं तर खुशाल घ्या. फक्त पावतीवर 'भाडं' असं लिहा.