उशा किती लागतात?

'अमक्याचं हार्ट फेल झालं' असं कोणी फोनवर सांगितलं की आपण पुढे एकच विचारतो, 'किती वाजता नेणार?' त्यामुळे मावसबहिणीच्या पुस्तकात 'कंजेस्टिव्ह हार्ट फेल्युअर' हे प्रकरण उघडं पाहून शेजारच्या काकू म्हणाल्या, "गेलेल्या माणसाची काय गं सेवा करणार?"

बहीण नंदुरबारची. इथे कतारगामला आमच्याकडे राहून नर्सिंग करते, दुसरं वर्ष. मी सॉफ्टवेअरवाला, पण तोंडी परीक्षेच्या तयारीला प्रश्न विचारायला घरात मीच सापडतो. शिवाय आम्हा दोघांचे मामा दोन वर्षांपासून याच आजाराची औषधं घेतात, म्हणजे पुस्तकातलं प्रकरण आमच्या पुढच्या खोलीतच बसलेलं असतं.

तर, हार्ट फेल्युअरमध्ये हृदय बंद पडत नाही. ते चालू असतं, पण शरीराला लागतं तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला झेपत नाही. पुढे गेलं नाही की मागे तुंबतं. 'कंजेस्टिव्ह' म्हणजे हे तुंबणं. २००६ च्या ऑगस्टमधला तापीचा पूर ज्यांनी सुरतेत काढला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. नदी भरली की गटाराला जायला वाट नसते आणि पाणी मोरीतून उलटं वर येतं. डावी बाजू कमजोर झाली की फुप्फुसांत तुंबतं: धाप, खोकला, आडवं झालं की गुदमरल्यासारखं. उजवी कमजोर झाली की बाकीच्या शरीरात: पायांवर सूज, मानेची शीर फुगलेली, पोट जड. आणि उजवी बिघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे आधीच बिघडलेली डावी.

मला खरी गंमत वाटली ती मूत्रपिंडांची. त्यांच्याकडे रक्त कमी पोहोचतं, त्यांना वाटतं शरीरातच कमी आहे, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. आमच्याकडे सर्व्हर मंदावला की प्रत्येक ॲप तीच मागणी पुन्हा पुन्हा पाठवतं आणि दमलेला सर्व्हर पार झोपतो. अगदी तसंच. लघवीची गोळी हे जादा पाणी काढते. मूळ पंप ती दुरुस्त करत नाही. त्यासाठीची औषधं वेगळी, आणि ती बरं वाटलं तरी चालूच ठेवायची असतात.

रिपोर्टमधल्या 'इजेक्शन फ्रॅक्शन'ने घरोघरी उगाच घबराट होते. ५५ ते ७० टक्के म्हणजे ठीक. शंभर कोणाचंच नसतं. उलट आकडा चांगला असूनही हृदय ताठर झाल्यामुळे हा आजार असू शकतो. म्हणून आकड्याइतकंच पेशंटला विचारणं महत्त्वाचं. "झोपताना उशा किती लागतात?" हा प्रश्न मला फार आवडला. एकीच्या दोन, दोनाच्या तीन झाल्या, तर सूज दिसायच्या आधीच काहीतरी बिनसलंय.

त्याहून भरवशाचा वजनकाटा. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी. डॉक्टरांना लगेच कळवायचं. मामांनी तीस वर्षं हिऱ्याच्या घंटीवर काढली, माल कॅरेट-सेंटमध्ये तोलला, पण स्वतः काट्यावर उभं राहायला रोज कटकट! बहिणीने कॅलेंडरवरच आकडे लिहायला सुरुवात केली.

त्या कॅलेंडरने या उन्हाळ्यात काम केलं. मामा लग्नाला बसने नंदुरबारला गेले. वाटेत लघवीला कुठे उतरणार, म्हणून दोन दिवस गोळीच घेतली नाही. तिकडे पंगत, उडदाचे पापड, शेवभाजी. परत आल्यावर काटा २.४ किलो जास्त. पाय अजून साधेच दिसत होते, पण रात्री तिसरी उशी घेतली होती. बहिणीने दोन्ही गोष्टी डॉक्टरांना फोनवर सांगितल्या. त्यांनी त्याच दिवशी बोलावून तपासलं, डोस बदलला आणि चार दिवसांत वजन जागेवर आलं. भरती व्हावं लागलं नाही.

मिठाबद्दल घरोघरी गैरसमज आहेत. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभराहून कमी सांगते. उपवासाचं सैंधव हेही सोडियमच. 'लो सोडियम' मिठात बहुधा पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल तर ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकतं. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही पाणी साठवतात. आणि नर्सिंगच्या मुलींनो, डिगॉक्सिन देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. मोठ्या माणसाचे ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना सांगायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेलं आमच्या घरात चालत नाही, मी घड्याळ लावून बसतो.

पुढच्या महिन्यात नंदुरबारलाच आणखी एक लग्न आहे. या वेळी मामा रेल्वेने जाणार, डब्यात निदान शौचालय असतं. प्रवासाच्या दिवशी गोळी किती वाजता घ्यायची ते डॉक्टरांना विचारून झालंय. वजनकाटा बॅगेत घ्यायचा की नाही, यावर मात्र मामा-भाचीचं अजून जमलेलं नाही.