टर्बोचा नंबर शेवटी

दिवाळीला इंदूरहून भाचा आला, तो खिशात एक यादी घेऊनच. नोकरी लागून दोन वर्षे झाली. स्वतःच्या पैशाने दोन सिलिंडरची ६५० सीसीची मोटारसायकल घेतली आणि आता तिला टर्बो बसवायचा आहे. फराळाचे ताट बाजूला सारून त्याने यादी माझ्यापुढे ठेवली. स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "तूच सांग रे त्याला काहीतरी. माझे मेले कोण ऐकतो!"

तरुण मुलाला नुसते 'नको' म्हटले, की ते काम आपल्या पाठीमागे होते. म्हणून मी चष्मा लावून यादी वाचली. टर्बो, जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन, रेसिंगचा कॅमशाफ्ट, मोकळा सायलेन्सर. पुढे आकडे. दोन वर्षांची बचत त्यात संपत होती.

"अरे, यातल्या दोन वस्तू टर्बोच्या वैरी आहेत," मी म्हटले. तो चमकला. "मामा, दोन्हींनी ताकद वाढते ना?"

वाढते, पण टर्बो नसलेल्या इंजिनाची. इथेच बहुतेकांची चूक होते. टर्बोचे काम काय, ते आधी समजून घ्यावे. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूंवर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावर बसवलेले दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवेचा दाब निम्म्याने वाढवला, तर सिलिंडरमध्ये जवळजवळ दीडपट हवा जाते. तितकेच पेट्रोल जास्त जळते आणि ताकद वाढते. पण दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक गरम होते, तसेच. ३० अंशांची हवा टर्बोतून ८० अंशांच्या आसपास होऊन निघते. अशी तापलेली, दाबलेली हवा पिस्टनने आणखी दाबली, की पेट्रोल वेळेआधी आपोआप भडकते. इंजिन 'ठोकू' लागते आणि पिस्टनला तडा जायला किंवा भोक पडायला मग वेळ लागत नाही.

म्हणून टर्बोच्या इंजिनात कॉम्प्रेशन वाढवत नाहीत, कमी करतात. रेसिंगच्या कॅमशाफ्टचेही तेच. त्यात आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे राहतात. कष्टाने दाबून भरलेली हवा सरळ सायलेन्सरच्या वाटेने निघून जाते. मूळचा साधा कॅमशाफ्टच इथे बरा.

हा धडा जपानी कारखान्यांनीही गिरवलेला आहे. १९७८ साली अमेरिकेत कावासाकीची झेडवन-आर टीसी विक्रीला आली. तिच्या इंजिनाचे आतले भाग मूळचेच ठेवून वर टर्बो बसवला होता. गाडीला वॉरंटी नव्हती, उलट ग्राहकाकडून तशी सही घेत. १९८२ मध्ये होंडाने सीएक्स ५०० टर्बो काढली, तेव्हा साध्या गाडीचे १० ला १ हे कॉम्प्रेशन ७.२ ला १ वर आणले. १९८४ च्या कावासाकी जीपीझेड ७५० टर्बोत ते ९.५ वरून ७.८ झाले. शिवाय गिअर मजबूत केले आणि टर्बोतले ऑइल ओढून परत आणायला जादा पंप दिला. ती गाडी ११२ अश्वशक्तीची होती. त्यातली वाढ टर्बोने दिली खरी, पण ती पेलली आतल्या बदलांनी.

होंडाची पुढची गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी. वर्षभरातच त्यांनी ५०० चे इंजिन ६५० चे केले आणि टर्बोचा दाब कमी केला. निव्वळ टर्बोवर भिस्त ठेवण्यापेक्षा इंजिन मोठे करणे सोयीचे, हे त्यांनाही पटले असावे.

मग मी भाच्याला कोरा कागद दिला आणि यादी नव्याने लिहायला सांगितली.

पहिला क्रमांक तपासणीचा. दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यायचे. जे इंजिन आजच थकलेले आहे, त्याच्यावर दीडपट ओझे टाकायचे नाही. दुसरे, कमी कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड पिस्टन. ठोकून घडवलेला पिस्टन ओतीव पिस्टनपेक्षा जास्त मार सोसतो. त्याबरोबर मजबूत हेड गॅस्केट आणि हेडचे स्टड. तिसरे पेट्रोल. हवा वाढली आणि पेट्रोल मागे पडले, तर इंजिन आतून भाजून निघते. म्हणून पंप, इंजेक्टर आणि स्पार्कची वेळ हे सगळे जाणत्या माणसाकडून एकत्र जमवून घ्यायचे.

चौथे ऑइल. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. त्याला दाबाने ऑइल मिळायला हवे आणि ते खाली सहज निचरायला हवे. टर्बो इंजिनाच्या खालच्या अंगाला बसला, तर जादा पंप आलाच. बऱ्याच मोटारसायकलींत तेच ऑइल क्लचलाही लागते, म्हणून मोटारीचे कोणतेही ऑइल ओतून चालत नाही. क्लच घसरतो. पाचवा क्रमांक त्या क्लचचाच. त्याला कडक स्प्रिंगा हव्यात.

सहावे ब्रेक आणि टायर. ताशी ८० च्या ऐवजी १२० वर ब्रेक दाबला, तर गाडी थांबायला सव्वादोनपट अंतर लागते. सातवी, दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ न देणारी झडप, म्हणजे वेस्टगेट. आणि आठवा टर्बो.

भाचा बराच वेळ कागदाकडे बघत बसला. "मामा, टर्बो तर सगळ्यात शेवटी आला. आणि खर्च दुप्पट झाला."

"तोच खरा खर्च आहे. तुझ्या यादीत तो लपलेला होता, एवढेच."

एक गोष्ट अजून सांगायची होती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत मनाने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकते. अपघात झाला, तर विम्याची भरपाईही अडकू शकते. म्हणजे टर्बोची गाडी रस्त्यावर नाही. ती बंद ट्रॅकवर, अंगावर पुरते संरक्षक कपडे घालून चालवायची. रोज ऑफिसला जायची गाडी ती नव्हे.

भाऊबीजेला निघताना त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. रोजची गाडी तशीच ठेवायची, आधी चांगले टायर आणि ब्रेक घ्यायचे, आणि हौस उरलीच तर ट्रॅकसाठी एखादी जुनी गाडी बघायची, असे त्याने ठरवले. ताईला यातले पिस्टन काही कळले नाहीत. "म्हणजे बसवणार नाही ना?" तिने मला हळूच विचारले.

"आत्ता नाही," मी म्हटले. "आणि बसवलाच, तर आधी ब्रेक लावायला शिकून."