यादी हलक्या खिशाने करावी

पुण्यात सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं-मुली तिघं-चौघं मिळून खोली घेतात. काही महिने मेस लावतात, मग खर्च झेपेना की खोलीवरच स्वयंपाक सुरू करतात. भांड्याकुंड्यांची जमवाजमव होते, पोळ्या कुणी लाटायच्या हेही ठरतं. आणि पहिली खरी कुरबुर होते ती किराण्यावरून. तेल एवढ्यात कसं संपलं? बासमती कुणाला विचारून आणला? रक्कम मोठी नसते, पण घरून येणाऱ्या मोजक्या पैशांवर महिना काढणाऱ्याच्या लेखी शंभर रुपये किरकोळ नसतात. ते आपल्याला न विचारता गेले, हे मनाला लागतं.

अशा खोलीत मीही काही वर्षं काढली आहेत. तेव्हापासून माझं एक ठाम मत आहे. एकत्र राहणाऱ्यांनी वाणसामानाची यादी खरेदीच्या आधी, सगळ्यांनी बसून करावी आणि ती खोलीतल्या सगळ्यांत हलक्या खिशाला झेपेल अशी करावी.

आम्ही चौघं होतो आणि चौघांचे पैसे चार वाटांनी यायचे. एकाचे वडील शिक्षक, त्यांचा पगार महिन्याच्या सुरुवातीला. दुसऱ्याच्या घरचं दूध डेअरीला जायचं; डेअरीचं बिल दहा दिवसांनी निघायचं आणि त्यातून पेंडीचे पैसे कापून जे उरेल त्यातलं काही त्याच्या वाट्याला यायचं. तिसऱ्याच्या घरी सोयाबीन. भाव पडले की वडील माल घरातच ठेवायचे आणि मुलाचे पैसे लांबायचे. मी एका क्लासमध्ये सराव पेपर तपासायचो, त्याचे पैसे मिळायचे तेव्हा मिळायचे. अशा चौघांकडून एक तारखेला सारखी रक्कम मागणं दिसायला समान, पण दोघांना ती उसनी आणूनच द्यावी लागणार. म्हणून आम्ही यादीचे दोन भाग पाडले. महिन्याच्या सुरुवातीला फक्त गहू, तांदूळ, डाळ, तेल आणि मीठ. बाकीचं डेअरीचं बिल झाल्यावर.

यादी सराव उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर लिहून दाराच्या मागे चिकटवलेली असायची. मधोमध उभी रेघ. डावीकडे सामाईक: तांदूळ, गहू, तूरडाळ, मूगडाळ, तेल, शेंगदाणे, मोहरी-जिरं, हळद, तिखट, मीठ, पोहे, भांड्यांचा साबण, काडेपेटी. उजवीकडे ज्याचं त्याचं: दूध, अंडी, तूप, बिस्किटं, अंगाचा साबण, उपवासाचं सामान. चहा आणि साखर आधी डावीकडे होती. शिक्षकांचा मुलगा चहा घेत नाही हे लक्षात आल्यावर ती दोन्ही उजवीकडे गेली आणि तिघांत वाटली गेली.

या पानाचा एकच नियम होता, आणि तो मला आजही फार मोलाचा वाटतो. डावीकडे एखादी वस्तू चढवायची तर चौघांचा होकार हवा. एकाने ‘नको’ म्हटलं तर नको, कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की माणसाला ‘मला परवडत नाही’ असं तीन जणांसमोर म्हणावं लागतं आणि बहुतेक मुलं ते कधीच म्हणत नाहीत. डेअरीवाल्या मित्राने एकदा तूरडाळीवर बोट ठेवून ‘मसूर आणू, मला मसूरच आवडते’ असं सांगितलं. तेव्हा तूरडाळ भलतीच महागली होती. त्याला मसूर खरंच आवडते का, हे कुणी विचारलं नाही. त्या महिन्यात मसूर आली आणि चौघांनी खाल्ली.

घरून येणाऱ्या सामानाचंही आधीच ठरवावं लागतं. सोयाबीनवाला मित्र सुट्टीहून येताना ज्वारी आणायचा, कधी शेंगदाणे. रोख पैसे त्याच्याकडे कमी असायचे, धान्य मात्र घरचं होतं. त्या धान्याला आम्ही गल्लीतल्या दुकानातला त्या दिवसाचा भाव लावायचो आणि तेवढी रक्कम त्याच्या वर्गणीतून वजा करायचो. त्यामुळे तो कुणाच्या उपकाराखाली राहिला नाही आणि त्याचं धान्य इतरांनी फुकटही खाल्लं नाही. आईने डब्यात भरून दिलेली चटणी आणि लाडू मात्र हिशेबात धरायचे नाहीत, असंही ठरलेलं होतं. शेतमालाचा भाव करता येतो. आईने पहाटे उठून केलेल्या लाडवांचा करू नये.

यादी नीट असली की खरेदीही शहाणी होते. धान्य-डाळी गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या भुसार विभागातून दोन खोल्यांनी मिळून आणल्या तर गल्लीतल्या दुकानापेक्षा स्वस्त पडतात. पण पावसाळ्यात कोंदट खोलीत महिन्यापुरतंच धान्य भरावं, नाहीतर वाचलेले पैसे किडे खातात. पालेभाजी महात्मा फुले मंडईत सांजावल्यावर घ्यावी. विक्रेत्याला जुडी उद्यावर ठेवायची नसते. तेलाच्या पिशवीवरचे ग्रॅम वाचावेत. लिटरभर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं, पण लिटरची वाटावी अशा काही पिशव्यांत 850 किंवा 800 ग्रॅमच असतं. पाकिटावर आता ग्रॅमचा किंवा मिलीचा भावही छापलेला असतो, दोन पाकिटं शेजारी धरली की कळतं. गॅसचंही तसंच. 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरसाठी पत्त्याचा पुरावा लागतो आणि तो भाड्याच्या खोलीतल्या मुलांकडे सहसा नसतो. 5 किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पण किलोमागे महाग पडतो. म्हणून डाळ भिजवून शिजवणं आणि कुकरला एकाच वेळी भात-वरण लावणं हेसुद्धा यादीइतकंच बचतीचं काम आहे.

एका खोलीत पुष्कळ जणांनी राहणं महाराष्ट्राला नवं नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एकाच गाळ्यात पाळीपाळीने झोपायचे. प्रत्येकाची एक ट्रंक आणि जेवण खानावळीत. खानावळवाली बाई महिनाभर जेवू घालायची आणि पैसे पगार झाल्यावर मिळायचे. तोवरचा किराणा ती उधारीवर आणायची, म्हणजे वीस-पंचवीस पुरुषांच्या जेवणाचा भार एकट्या बाईच्या डोक्यावर. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सगळे एकत्र जेवतात तेव्हा आधी पैसे कोण घालतं, या प्रश्नाला त्यांनी हात घातला होता.

तो प्रश्न आजच्या खोलीतही आहे. दुकानात फोन पुढे करून पैसे देणारा बहुतेक वेळा एकच असतो. 2016 मध्ये यूपीआय आल्यापासून ते आणखी सोपं झालं आहे. मग तो इतरांकडे पैसे मागत फिरतो, मागायला त्याला संकोच वाटतो आणि द्यायला उशीर झालेल्याला त्याच्यासमोर यायला. दोन मित्रांत सावकार-ऋणकोचं नातं तयार व्हायला पाचशे रुपये पुरतात. यावर उपाय एकच: कॉन्ट्री, म्हणजे वर्गणी, आधी काढून एका डब्यात ठेवावी, खरेदी मग करावी. डब्यात जमा असेल तेवढ्याचंच सामान आणावं, बिलाचा फोटो खोलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावा आणि उरलेले पैसे डब्यात परत ठेवावेत.

ज्याच्या घरचं बरं आहे त्याला हे अन्यायाचं वाटू शकतं. त्याने मसूर का खावी? त्याच्यासाठी उजवी बाजू मोकळी आहे. तूप आणावं, अंडी आणावीत, कुणाची हरकत नाही. पण सगळ्यांच्या पानात वाढलं जाणारं अन्न सगळ्यांना पेलणारं असायला हवं. वर्गणी सारखी ठेवली म्हणजे न्याय झाला, असं आपण सहज धरून चालतो. पगारदाराच्या घरातले दोन हजार आणि दुधाच्या बिलातून वाचवलेले दोन हजार, आकडा तोच असला तरी ओझं वेगळं असतं. न्याय करायचा तर ओझं बघावं लागतं.

हे मी इतक्या कळकळीने लिहितो, कारण याच पेठांत मी असाही मुलगा पाहिला आहे, जो महिन्याच्या शेवटी जेवणाच्या वेळेला खोलीवर यायचाच नाही. ‘अभ्यासिकेतच खाल्लं’ म्हणायचा. वर्गणी थकलेली असायची, म्हणून ताटावर बसायची लाज वाटायची. त्याच्या खोलीतले बाकीचे वाईट नव्हते. यादी त्याला झेपणारी नव्हती आणि ते सांगायला त्याला जागा नव्हती, एवढंच.

यंदा नव्याने खोली घेणाऱ्यांनी पहिल्याच संध्याकाळी, दुकानात जाण्याआधी, एक पान घ्यावं आणि मधोमध रेघ ओढावी. कुणाचे पैसे कधी येतात ते एकमेकांना सांगावं आणि डावी बाजू शक्य तितकी छोटी ठेवावी. बासमतीवाचून महिना निघतो. पण पैशापायी एखादा सोबती ताटावरून दूर राहू लागला, तर त्या खोलीने वाचवलेल्या पैशांना काही अर्थ उरत नाही.