पळालेल्या गिऱ्हाइकाचे बिल

सोलापूरहून पुण्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि पंढरपूरकडून येणारा पालखी मार्ग जेथे एकत्र येतात, त्या मोहोळपासून थेट लांबोटीच्या चिवड्याच्या दुकानांपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ढाब्यांची, खानावळींची आणि उपाहारगृहांची जी रांग लागली आहे, तसल्या महामार्गी धंद्याच्या जमाखर्चात एक असे कलम असते की जे मालकाच्या खतावणीत सहसा सापडत नाही, परंतु वेटरच्या पगाराच्या हिशेबात पुष्कळदा सापडते. ते कलम म्हणजे पळालेल्या गिऱ्हाइकाचे बिल. चार-पाच मंडळी मोटारीतून उतरतात, मटणाच्या थाळ्या आणि कडक भाकऱ्या मागवितात, मग हात धुण्याच्या निमित्ताने एकेक जण उठतो, शेवटचा फोन कानाला लावून फाटकाबाहेर फिरू लागतो, आणि वेटर बडीशेपेची वाटी घेऊन परतेपर्यंत मोटार टोलनाक्याच्या दिशेने दिसेनाशी झालेली असते. महिनाअखेरीस, किंवा उचल घेतलेली असल्यास काम सोडून जाण्याच्या दिवशी, तो आकडा ‘राहून-खाऊन’ ठरलेल्या पगारातून वळता होतो. सगळेच मालक असे करतात असे मुळीच नाही. पुष्कळ जण दोन शिव्या हासडून तोटा स्वतःच सोसतात. पण जे कापून घेतात त्यांना आपण काही वावगे करीत आहोत असे वाटत नाही, आणि ज्याचा पगार कापला जातो तोही बहुधा नशिबाला बोल लावून गप्प बसतो; म्हणून या रूढीचा एकदा नीट विचार व्हावयास हवा.

आधी जेवण आणि मग पैसे, ही पद्धत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती वस्तुतः उधारी आहे हे आपल्या ध्यानीच येत नाही. सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळी कामगारांच्या खानावळी महिन्याच्या बोलीवर चालत. त्यांत कोणाला ताटावर बसवायचे, कोणाची बाकी किती दिवस थांबवायची आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचे, हे खानावळ चालविणारी बाई स्वतः ठरवी, आणि एखाद्याने बाकी बुडवून गाव सोडलेच तर तो तोटाही तीच सोशी. भाकऱ्या थापणाऱ्या मुलीच्या मजुरीतून तो वसूल करावा असे तिच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. महामार्गावरील ढाब्यातही उधारी आहेच, फक्त ती तासाभराची आहे आणि अनोळखी माणसास दिलेली आहे. ती देण्याचा निर्णय मालकाचा, त्यातून वाढणारा धंदा मालकाचा, आणि नफाही मालकाचा. वेटरला गिऱ्हाईक नाकारण्याचा अधिकार नाही, आगाऊ पैसे मागण्याचा नाही, फाटक बंद करण्याचाही नाही. ज्याला उधारी नाकारण्याची मुभा नाही त्याला त्या उधारीचा जामीन ठरविणे हा कोठला न्याय?

कायद्याने हा प्रश्न फार पूर्वीच सोडविला आहे, आणि त्याचे मूळ उपाहारगृहात नसून गिरणीत आहे. विणताना खराब झालेले कापड विणकराच्याच गळ्यात बांधून त्याची किंमत मजुरीतून वळती करण्याची चाल एके काळी मुंबईच्या गिरण्यांत होती. 1929 साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने अशा कपातींना आणि दंडांना लगाम घालण्याची शिफारस केली, आणि तिच्यातून 1936 चा वेतन प्रदान अधिनियम जन्मास आला. प्रारंभी तो कारखाने आणि रेल्वे यांपुरताच होता. त्याची जागा घेणारी 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली असून ती सर्व आस्थापनांना लागू आहे, अर्थात ढाब्यालाही. तिच्या 18 व्या कलमाने नुकसानीपोटी कपातीस वाव ठेवला आहे, पण तो दोनच प्रसंगी: कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपविलेला माल गहाळ झाला वा बिघडला तर, किंवा ज्या पैशाचा हिशेब देणे त्याच्याकडे आहे तो पैसा कमी भरला तर, आणि दोन्ही प्रसंगी ते नुकसान थेट त्याच्याच हयगयीमुळे वा कसुरीमुळे झालेले असले पाहिजे. शिवाय कामगारास आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून एक रुपयाही कापता येत नाही. आता पळालेल्या गिऱ्हाइकाच्या पोटात गेलेली थाळी वेटरच्या ताब्यात होती असे म्हणावे, की कधी हातीच न आलेल्या पैशाचा हिशेब त्याने द्यावा असे म्हणावे? कपातीऐवजी दंड म्हणून ही रक्कम घ्यावी म्हटले तरी वाट मोकळी नाही, कारण दंडास वेतनाच्या तीन टक्क्यांची मर्यादा आहे आणि दंडाची रक्कम गल्ल्यात न जाता कामगारांच्याच हितासाठी खर्चावी लागते. कामावर घेताना ‘पळालेले बिल मी भरीन’ असे लिहून घेतलेले असले तरी तो कागद फोल आहे. कायद्याने दिलेला हक्क सोडून देण्याचा करार संहितेने रद्दबातल ठरविला आहे.

मालकांचे एक म्हणणे मात्र उडवून लावण्याजोगे नाही. धाक नसला तर वेटर बेफिकीर होतील आणि काही जण आपल्याच सोबत्यांना फुकट जेवू घालून ‘पळाले’ म्हणून सांगतील, असे ते म्हणतात. संगनमत झाले असेल तर ती फसवणूक आहे. ती सिद्ध करावी आणि तिची वसुली अवश्य करावी. पण धाकाच्या बाबतीत अनुभव निराळेच सांगतो. सप्टेंबर 2024 मध्ये बीड जिल्ह्यातील दिंद्रुडजवळ, पंढरपूरकडेच येणाऱ्या मेहकर–पंढरपूर पालखी मार्गावर, बिल मागण्यासाठी मोटारीपाशी धावलेल्या एका वेटरला गिऱ्हाइकांनी तसेच फरपटत नेले आणि रात्रभर डांबून ठेवले. त्या प्रसंगी त्याच्या मनात काय होते ते मी कसे सांगणार? परंतु पळालेले बिल आपल्याच पगारावर बसणार हे ज्याला ठाऊक आहे, तो चालत्या मोटारीच्या दाराला हात घालणार, हे समजावयास फारसा अनुभव लागत नाही. काही शेकड्यांच्या बिलासाठी माणसाने जीव पणाला लावावा अशी व्यवस्था करणे, आणि वर तिला शिस्त म्हणणे, हे मला निर्घृणपणाचे वाटते.

इंग्लंडात पैसे न देता निघून जाणे हा 1978 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. तेथे किरकोळ विक्रीच्या आणि उपाहारगृहांच्या नोकरांकडून गल्ल्यातील तूट भरून घेण्यास मुभा आहे खरी, पण ती एका पगाराच्या दशांशापुरतीच. आपल्याकडेही मुळातच पैसे न देण्याच्या इराद्याने जेवणाऱ्यास भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे 318 वे कलम लागू शकते; मात्र त्यासाठी मालकाने मोटारीचा क्रमांक घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते, आणि पगार कापणे त्याहून सोपे पडते.

उपाय अवघड नाहीत. गर्दीच्या दिवशी, विशेषतः एकादशीच्या आगेमागे, आधी कूपन घेण्याची पद्धत ठेवता येते. फाटकापाशी एक कॅमेरा लावता येतो. भ्रमणध्वनीवर पैसे भरल्याचे खोटे चित्र दाखविणाऱ्यांसाठी, रक्कम जमा झाल्याचे बोलून सांगणारी पेटी आता पानाच्या टपरीवरही आलेली आहे. इतके करूनही जे बुडेल ते फुटलेल्या कपबशांप्रमाणे आणि नासलेल्या दुधाप्रमाणे धंद्याच्या बुडीत खात्यात लिहावे.

आणि हे वाचणारा एखादा वेटर असेल, किंवा एखाद्या वेटरला हे वाचून दाखविणारा कोणी असेल, तर त्याने एवढे लक्षात ठेवावे: गैररीतीने कापलेला पगार परत मिळविण्यासाठी वेतन संहितेच्या 45 व्या कलमाखाली अर्ज करता येतो, त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देववण्याचा अधिकार निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यास आहे, आणि देणे दिले गेले हे शाबीत करण्याचा भार मालकावर आहे.