डॉक्टरांनाच पुन्हा कोरोना, मग लस कशाला?

२०२२ च्या सुरुवातीला दोन्ही डोस घेतलेले डॉक्टर, नर्स पुन्हा पॉझिटिव्ह येत होते. लगेच मोहल्ल्यात चर्चा सुरू व्हायची, "त्यांनाच होतोय, मग आपण सुई टोचून घेऊन काय फायदा?" या प्रश्नाला थट्टेने नव्हे, नीट उत्तर द्यायला हवे, असे आम्हाला वाटते.

देशात १६ जानेवारी २०२१ पासून सर्वांत आधी लस मिळाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांना. काही महिन्यांनी रक्तातील अँटिबॉडी कमी होतात. त्यात ओमायक्रॉनने रूप इतके बदलले की जुन्या अँटिबॉडी त्याला सहज रोखू शकत नाहीत. शिवाय ही माणसे दिवसभर रुग्णांमध्येच असतात.

पण लागण होणे वेगळे आणि ऑक्सिजन लागणे वेगळे. दुसऱ्या लाटेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. दोन डोसमुळे लागण होण्यापासून ६५ टक्के, रुग्णालयात दाखल होण्यापासून ७७ टक्के आणि ऑक्सिजन लागण्यापासून ९२ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. फायदा विचारता ना? तो हाच.

१० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन कर्मचारी आणि इतर आजार असलेल्या साठीपुढच्या लोकांना प्रिकॉशन डोस सुरू झाला. तेव्हा तो दुसऱ्या डोसनंतर नऊ महिने झाल्यावर मिळत होता. गर्दीत मास्क लावा. एक नर्स आजारी पडली, तर वॉर्डात आपल्याच रुग्णाकडे बघायला एक माणूस कमी होतो.