ऊन तापलं की हापूसच्या झाडात काय घडतं?

फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२५. दोन्ही वेळा हवामान खात्याने कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. होय, फेब्रुवारीत! किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर गेला आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असला, की ती लाट धरतात. रत्नागिरीत तेव्हा कुठे मोहोर असतो, तर कुठे सुपारीएवढी कैरी. कडक उन्हात ती गळते, हे बागायतदाराला वेगळं सांगायला नको.

मग झाड नुसतं सोसत बसतं का? तर नाही. उष्णतेने पेशीतल्या प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. त्या सावरायला झाड खास प्रथिनं बनवतं, त्यांचं नाव हीट शॉक प्रोटीन. त्यांचा पहिला माग १९६२ मध्ये लागला, तोही फळमाशीत. इटलीच्या फेरुच्चो रितोसा यांच्या प्रयोगशाळेत कुणीतरी इनक्युबेटरचं तापमान चुकून वाढवलं होतं!

या प्रथिनांची जनुकं एकेकटी नसतात, त्यांची कुटुंबं असतात. उत्क्रांतीत एका जनुकाच्या नकला होतात आणि नकला कामं वाटून घेतात. कुणी पानात जागं होतं, कुणी परागकणात, कुणी बी पक्व होताना. म्हणून जनुक असणं वेगळं आणि ते वेळेवर चालू होणं वेगळं. आंब्याच्या पूर्वजात तर अख्खा जनुकसंचच दुप्पट झाला होता. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळलं, आणि त्यासाठी निवडलेली जात होती हापूस.

खरी अडचण पुढे आहे. हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही, म्हणून आपण कलमं बांधतो. कलम म्हणजे मूळ झाडाची जवळपास हुबेहूब नक्कल. म्हणजे जिल्हाभरातल्या बागांकडे उन्हाशी लढायला साधारण एकच जनुकसंच आहे. निसर्गाची नव्या जुळण्या करून बघण्याची सोय आपणच चवीसाठी बंद केली. २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकनही हापूसलाच आहे.

नवी जुळणी करता येते. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये 'रत्ना' दिला, तो मुख्यतः साक्यावर उपाय म्हणून. पण आंब्याचं रोप फळायला वर्षं जातात, त्यामुळे संकराचं काम पिढीभराचं. उष्णता सोसणारी जनुकं शोधायची, तर कोयीपासून उगवलेल्या, प्रत्येक वेगळ्या अशा रायवळ झाडांकडेच जावं लागेल. तीच झाडं आपण लाकडासाठी आणि रस्त्यांसाठी तोडतोय.